प्रोग्रेसिव्ह चष्मा, आठ महिन्यांनंतर: नंबर बरोबर होता, माप चुकलं होतं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या काचेचा नाहीये. प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून, मधे रेघ नसताना दिसतं तो, त्या प्रकाराचा आहे, आणि तो चष्मा नाकावर येईपर्यंत जे जे करावं लागतं त्याचा, म्हणजे डोळे तपासणं, फ्रेम निवडणं, माप देणं आणि मग तो चष्मा नीट सांभाळणं. मी दोनदा बनवला. पहिला तीन आठवड्यांत ड्रॉवरमधे गेला, दुसरा आठ महिने डोळ्यांवर आहे. आणि दोन्हीचा नंबर पाव पॉइंटसुद्धा इकडेतिकडे नव्हता, अगदी सारखा. म्हणूनच एवढं लिहायला बसलेय.

माझं वय ४६. लांबचा नंबर शाळेपासूनचा, उजव्याला मायनस साडेपाच, डाव्याला मायनस पावणेपाच, दोन्हीला थोडा सिलिंडर, म्हणजे एका दिशेपुरता वेगळा नंबर. काम प्रूफं तपासायचं, अर्धं कागदावर अर्धं स्क्रीनवर. दोनेक वर्षांपूर्वी चाळिशी लागली. चष्मा लावून वाचायला गेलं की अक्षर धूसर, चष्मा काढला की स्वच्छ, पण मग कागद नाकाशी धरायचा, कारण मायनस साडेपाचवाल्याला चष्म्याशिवाय साधारण १८ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, १०० ला साडेपाचने भागून बघा. दिवसभर चष्मा काढ-घाल करून मान आखडायची आणि काड्या सैल व्हायच्या त्या वेगळ्याच.

चाळिशी म्हणजे आजार नाही हो. डोळ्याच्या आतलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, जवळचं बघताना त्याने जो आकार बदलायचा तो पुरेसा बदलता येत नाही, हे सगळ्यांचं होतं. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, न लावता डोळ्यांना व्यायाम होतो वगैरे जे सांगतात त्यात तथ्य नाही, मी त्या नादात एक वर्ष घालवलं आणि मिळाली फक्त डोकेदुखी.

तर पहिला चष्मा. दुकानात गेले, मशीनवर हनुवटी टेकवली, आतलं चित्र बघितलं, चिठ्ठी बाहेर आली, चार ओळी वाचून घेतल्या, झालं दहा मिनिटांत. जवळच्या नंबरासाठी दीडची अ‍ॅड दिली, म्हणजे वाचायला लांबच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर. फ्रेम मी निवडली, अरुंद, दिसायला छान, काचेची उंची जेमतेम २६ मिलिमीटर. कुणी काही बोललं नाही. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, तेही कुणी मोजलं नाही, माझ्या जुन्या कार्डावर ६६ लिहिलेलं होतं ते उतरवून घेतलं. चष्मा आला, घातला, आणि जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटायला लागली. वाचायचं तर हनुवटी वर करून आकाशाकडे तोंड, उजवीकडचे शब्द पुसट, दुपारी चारपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. परत गेले तर एकच उत्तर, सवय होईल.

इथे मला न्यायाने बोलायचंय, कारण सवय लागते हे खरंच आहे. प्रोग्रेसिव्हमधे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, वर लांबचा, मधल्या चिंचोळ्या पट्टीत मधल्या अंतराचा, खाली वाचायचा, आणि बाजूला दोन्हीकडे थोडा वाकडातिकडा धूसर भाग राहतोच, कितीही महाग काच घेतली तरी तो कमी होतो, नाहीसा होत नाही. रेघ नसलेला चष्मा हवा तर त्याची ही किंमत आहे. १९५९ साली फ्रान्समधे व्हॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच आली तेव्हापासून सगळे याच धूसर भागाला मागे रेटत आलेत. मेंदूला हे सगळं जुळवून घ्यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. पण सवयीचा त्रास रोज थोडा थोडा कमी होत जातो. माझा पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच विसाव्या दिवशी होता. आणि एक गोष्ट मी सहज करून बघितली, वाचताना बोटाने फ्रेम दोन-तीन मिलिमीटर वर उचलली की अक्षर एकदम लख्ख. हे ज्याला होतं त्याने सवयीची वाट बघू नये, काच त्याच्या डोळ्याच्या मानाने खाली बसलीये एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या वेळी मी आधी दुकानात गेलेच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, पूर्ण तपासणी करून घेतली, आणि खरं सांगते या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त मोलाची वाटली ती ही तपासणी. सहा वर्षं मी गेले नव्हते. दिसतंय ना नीट, मग कशाला जायचं, असं वाटायचं. आईला काचबिंदू आहे हे माहीत असून गेले नव्हते याची मला आज खूप टोचणी लागते.

तिथे आधी प्रश्न विचारले. शुगर आहे का, बीपी आहे का, घरात कुणाला काचबिंदू, कुठली औषधं चालू आहेत, दिवसभर काय काम करता, स्क्रीन किती लांब असते. हा शेवटचा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला! मग मशीन झालं, पण मशीनचा आकडा ही फक्त सुरुवात असते असं तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी सांगितलं, आणि पुढे अर्धा तास एकेक काच बदलून, आता बरं की मघाशी बरं, असं विचारत राहिल्या. लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवली, हिरव्यातली जास्त ठळक दिसली तर मायनस जास्त झालाय असं समजायचं, आणि चाळिशीच्या माणसाला मायनस जास्त झाला की जवळचं आणखी अवघड होतं. मला दोन्हीकडची सारखीच दिसली. म्हणजे पहिल्या दुकानातला नंबर बरोबरच होता! मला तेव्हा उलट टेन्शन आलं, नंबर बरोबर आहे तर मग माझ्या डोळ्यांतच काहीतरी बिघडलंय की काय.

मग डोळ्याचं प्रेशर मोजलं, १९ आलं, साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात. मी हुश्श केलं तर डॉक्टर म्हणाले थांबा, प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो, नस बघितल्याशिवाय बोलता येत नाही. थेंब टाकले, वीसेक मिनिटांनी बाहुल्या मोठ्या झाल्या, मग आतला पडदा आणि नस बघितली, बटण दाबायची ती फील्ड टेस्टही केली, त्यात कडेला कुठेकुठे बारीक दिवा लागतो आणि दिसला की दाबायचं. काचबिंदूत नजर आधी कडेची जाते, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. माझी नस ठीक आहे. पण पडद्याच्या कडेला एक जागा पातळ झालेली सापडली, मोठा मायनस असलेल्यांमधे हे जास्त दिसतं म्हणे. त्याला आत्ता काही करायचं नाही, दरवर्षी बघत राहायचं, आणि डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. हे मला मशीनच्या चिठ्ठीतून कधीच कळलं नसतं.

थेंब टाकून करायची तपासणी असेल तर बरोबर कुणाला तरी न्या आणि गॉगल न्या. चार-सहा तास उजेड सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही, गाडी तर अजिबात चालवू नका. शुगर असलेल्यांनी तर नजर उत्तम असली तरी वर्षातून एकदा पडदा दाखवायचाच, आणि शुगर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर काढू नये कारण शुगरबरोबर नंबरही हलतो, नवा चष्मा महिन्याभरात चुकीचा ठरतो. लहान मुलांचं आणखी वेगळं, एका डोळ्याने कमी दिसत असेल तर मूल सांगतच नाही कारण त्याला तेच नॉर्मल वाटतं, आणि आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर सगळ्यात चांगले लागू पडतात. म्हणून शाळेत घालायच्या आधी एकदा दाखवून आणाच, थेंब टाकून नंबर काढायला लावा, कारण मुलं मशीनमधे बघताना डोळ्याला जोर लावतात आणि मायनस खोटा जास्त येतो.

आता नंबर हातात, जुना चष्मा पर्समधे, अशी दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने पहिली गोष्ट काय केली, माझा तो चष्मा दिव्यासमोर तिरका धरला आणि पेनाने काचेवर खुणा करायला लागला. मला माहीतच नव्हतं, प्रोग्रेसिव्ह काचेवर कंपनीने कोरलेल्या दोन अगदी पुसट खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर, आणि कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा असतो. त्यावरून काचेचं केंद्र कुठे बसवलंय ते काढता येतं. मग माझा पीडी मोजला, प्रत्येक डोळ्याचा वेगळा, नाकाच्या मधोमधपासून. उजवा ३०, डावा ३१. चष्मा बसवला होता ३३ आणि ३३ वर.

म्हणजे उजवीकडे तीन मिलिमीटर आणि डावीकडे दोन. ऐकायला काहीच नाही वाटत ना? पण काचेच्या केंद्रातून न बघता बाजूने बघितलं की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवते, आणि किती ते काढायचा हिशोब सोपा आहे, जेवढे सेंटिमीटर चुकलं गुणिले नंबर. माझं दोन्ही डोळ्यांचं मिळून अडीचच्या वर प्रिझम होत होतं, कारण नसताना दिवसभर डोळ्यांना तेवढं ओढून धरावं लागत होतं, शिवाय प्रोग्रेसिव्हची मधली पट्टी आधीच चिंचोळी, तिच्यातून माझी बुबुळं बाहेरच पडत होती. नंबर एक-दीड असता तर कदाचित जाणवलंही नसतं. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी पीडी मोजल्याशिवाय दुकानातून उठूच नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय उंचीचं माप, बाहुलीपासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतचं, फिटिंग हाइट म्हणतात ते, पहिल्या वेळी कुणी घेतलंच नव्हतं. २६ मिलिमीटरच्या काचेत वाचायचा भाग अर्धा फ्रेमबाहेरच कापला गेला होता.

यावेळी फ्रेम त्याने सुचवली आणि का ते सांगितलं. फ्रेमच्या काडीवर आतून ४८-२०-१४० असे आकडे असतात, काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमधे. जुनी फ्रेम नीट बसत असेल तर हे आकडे फोटो काढून ठेवा, पुढची निवडायला फार उपयोगी पडतात. मायनसची काच कडेला जाड होते, म्हणून रुंदी कमी आणि डोळा काचेच्या मधोमध यावा, पण प्रोग्रेसिव्हसाठी उंची हवी. मला ४८ रुंदीची, ३६ उंचीची, गोलसर फ्रेम मिळाली, नाकाला हलवता येणारे पॅड असलेली. हे पॅड महत्त्वाचे आहेत, कारण चष्मा घसरला की सगळी मापं घसरतात. आणि त्याने आधी फ्रेम माझ्या चेहऱ्यावर नीट बसवली, काड्या वाकवल्या, पॅड दाबले, मला नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं आणि मगच डेमो काचेवर बाहुलीच्या जागी टिंब काढलं. क्रम हाच हवा. माप आधी आणि फिटिंग नंतर केलं तर मापाचा काही उपयोग नाही.

काचेच्या जाडीबद्दल थोडक्यात. साधी प्लॅस्टिक काच १.५० इंडेक्सची, मग १.६०, १.६७, १.७४, आकडा वाढला की काच पातळ आणि महाग. १.६७ आणि १.७४ मधे फरक असतो पण माझ्या नंबरला लहान फ्रेमने जेवढी जाडी वाचली त्यापुढे तो किरकोळ वाटला. जास्त इंडेक्सच्या काचेत कडेने बघताना दिव्यांना रंगीत किनार दिसू शकते, मला प्रूफं वाचायची असतात म्हणून मी १.६० घेतली, समाधानी आहे. मुलांना, खेळणाऱ्यांना मात्र पॉलिकार्बोनेट द्यावी, ती सहजी फुटत नाही. अँटिग्लेअर नक्की घ्या, साध्या काचेवरून जवळजवळ आठ टक्के प्रकाश परत फिरतो, रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यामुळेही पसरतात. ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारं कोटिंग, मी घेतलं नाही. २०२३ साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधनांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेने, सतरा चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा स्क्रीनमुळे येणाऱ्या थकव्यात अशा काचांनी बहुधा काही फरक पडत नाही असंच निघालं. स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी मिटतो म्हणून डोळे कोरडे पडतात, त्यावर दर वीस मिनिटांनी वर मान करून लांब बघणं मला काचेपेक्षा जास्त लागू पडलं.

चष्मा आला त्या दिवशी जमीन थोडी हलली, दुसऱ्या दिवशी कमी, पाचव्या दिवशी मी विसरले. शिकावं लागतं ते एवढंच की बाजूचं बघायचं तर डोळे न फिरवता मान फिरवायची, आणि जिना उतरताना हनुवटी छातीकडे घ्यायची म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसते. पहिले काही दिवस कठडा धरूनच उतरा, घरात वयस्कर माणसाला असा चष्मा नवीन असेल तर विशेष लक्ष द्या, पडायची भीती खरी आहे. आणि जुना आणि नवा आलटून पालटून वापरू नका, सवय लागतच नाही.

काय आवडलं नाही तेही लिहिते. आडवं पडून वाचता येत नाही, कुशीवर तर नाहीच. आणि सात-आठ तास स्क्रीनवर काम असेल तर हा एकटा चष्मा पुरत नाही. मधल्या अंतराची पट्टी अरुंद, त्यातून बघायला हनुवटी उचलावी लागते, संध्याकाळी मान दुखते. मॉनिटर खाली केला, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. रस्त्यावर, मीटिंगमधे, बाजारात, फोनवर मात्र उत्तम, काढ-घाल पूर्ण बंद झाली.

आता काळजी, कारण मागचे दोन चष्मे मी स्वतः खराब केले. एक गाडीत उन्हात राहिला, कोटिंगला भेगांचं जाळं पडलं, ते कशानेही निघत नाही, काच आणि कोटिंग उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात म्हणून तसं होतं. दुसरा मी वर्षभर अंगातल्या शर्टाच्या टोकाला पुसत होते, कोरडाच. काचेवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, कोरडं पुसलं की आपणच चरे पाडतो. आता रोज रात्री नळाखाली आधी धूळ वाहू देते, पाणी कोमट किंवा गार, गरम नाही, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर, काच, पॅड, काड्यांची कानाकडची टोकं सगळं चोळायचं, धुवायचं, झटकायचं, मायक्रोफायबरने टिपायचं. लिक्विड लोशनवालं नको, तेलकट थर राहतो. ते फडकंही धुवावं लागतं, सॉफ्टनर न घालता, नाहीतर आपण मळच फिरवत बसतो. टिश्यू नको, तोंडाची वाफ नको, काच पुसायचं अमोनियावालं लिक्विड तर मुळीच नको, आणि सॅनिटायझर लावलेले ओले हात फ्रेमला लावू नका, काही कोटिंगं आणि अ‍ॅसिटेटच्या (एक प्रकारचं प्लॅस्टिक) फ्रेमा त्याने खराब होतात. दोन्ही हातांनी काढायचा, डोक्यावर चढवायचा नाही, काचा खाली करून ठेवायचा नाही. डोक्यावर चढवायची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याने काड्या फाकतात आणि चष्मा घसरायला लागतो, आणि प्रोग्रेसिव्ह घसरला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. दर तीन महिन्यांनी दुकानात जाऊन स्क्रू आणि काड्या नीट करून घेते, पाच मिनिटांचं काम.

आठ महिन्यांत एकही चरा नाही. पाचपैकी मी साडेचार देईन, अर्धा स्क्रीनसाठी कापला.

त्या पहिल्या चष्म्याची अरुंद फ्रेम अजून ड्रॉवरमधे होती, एकाच नंबराच्या काचेला तेवढी उंची पुरते. परवा ती फक्त स्क्रीनच्या नंबराची काच बसवायला टाकली, लांबच्या नंबरात अ‍ॅडच्या निम्म्याच्या आसपास मिळवून, माझ्या खुर्चीपासून मॉनिटरपर्यंतचं अंतर टेपने मोजून, ६५ सेंटिमीटर. पीडी मी कागदावर लिहून नेला होता, ३० आणि ३१. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, स्क्रीनच्या अंतराला डोळे आत वळतात, थोडा कमी लागेल, बसा, मोजूनच घेतो.